मी आठवणी लिहायला बसले तर

आषाढात मंडळाचे दोघेजण घरी आले तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. यंदाच्या व्याख्यानाला तुम्हीच बोला, म्हणाले. मी म्हटले, मी प्राथमिक शाळेतली बाई, माझे बोलणे फळ्यापासून पहिल्या बाकापर्यंत पोचायचे, सभागृहात कसे पोचणार? त्यांतला धाकटा तिसरीत माझ्याच वर्गात होता. तो म्हणाला, "बाई, आठवणी लिहा म्हणून आम्ही किती वर्षं मागे लागलोय. लिहीत नाही तर नाही. लिहिल्या असत्या तर कशा लिहिल्या असत्या, तेवढं तरी सांगा." मुलाने परीक्षेत अडचणीचा प्रश्न विचारावा तसा हा विषय आला, आणि मी हो म्हणून बसले.

तेव्हा वाचकहो, हे एका न लिहिलेल्या पुस्तकाबद्दलचे बोलणे आहे. सभेत बोलले ते फारसे न बदलता इथे देते आहे. पण तुम्ही ते घरी, एकट्याने वाचणार, म्हणून सभेत संकोचाने आखडते घेतलेले दोन-तीन ठिकाणी पुरे केले आहे.

तुम्हीही एकदा वही उघडून बघा. पहिली ओळ हमखास अशी येईल: "माझा जन्म अमुक साली अमुक गावी झाला." मीही तशीच लिहिली. १९४८ साल, खानापूर तालुक्यातले खेडे, पाऊस. मग थांबले. जन्माची आठवण मला कुठे आहे? ती आईची आठवण. तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की माझीच वाटायला लागली. आपल्या आठवणींतल्या किती अशा उसन्या असतात, हे लिहायला बसल्याशिवाय कळत नाही. ती ओळ मी खोडली. दुसरी सुचायला तीन आठवडे लागले.

मधल्या काळात मी इतरांनी काय केले ते पाहिले. शिक्षिकेची खोड. आपल्या भागाचा या बाबतीत मान मोठा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील आत्मचरित्रांत बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' येते, आणि बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. धर्म का बदलला हे सांगण्यासाठी त्यांनी ते लिहिले. म्हणजे कुणाला तरी उत्तर द्यायचे होते. त्याच्याही पुष्कळ आधी, सतराव्या शतकात, संत बहिणाबाईंनी अभंगांत स्वतःचे चरित्र सांगितले आहे. नवऱ्याने मारल्याचे त्यांनी लपवलेले नाही, आणि मागचे बारा जन्मही सांगितले आहेत. माझा एक आठवताना पुरेवाट होते आहे.

पुढच्या बायकांची पुस्तके वाचताना एक गोष्ट मला खुपत राहिली. रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाचे नाव 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी', साल १९१०. 'आमच्या'. न्यायमूर्ती गेल्यावर त्यांच्याविषयी लिहिलेले ते पुस्तक, त्याला गोखल्यांची प्रस्तावना. पण वाचताना आपण न्यायमूर्तींपेक्षा त्या अकरा वर्षांच्या मुलीकडे बघत राहतो, जिला नवरा शिकवतो आणि घरातल्या बायका त्यासाठी टोचून खातात. त्या बायकांना रमाबाईंनी सोडलेले नाही, पण स्वतःचा कढ मात्र पदराआड ठेवला. लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. टिळकांच्या आठवणी म्हणून सुरुवात झाली आणि १९३४ पासून भागांनी निघालेली 'स्मृतिचित्रे' त्यांची स्वतःची झाली. रीतसर शाळा नाही, तरी तसे गद्य आमच्यासारख्या ट्रेनिंग कॉलेजातून निघालेल्या बायकांना साधले नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायला लावणारे सोवळे वडील, न सांगता निघून जाणारा नवरा, यांच्यावर त्या चिडत नाहीत असे नाही. पण हसतात आधी, आणि सर्वांत जास्त स्वतःला हसतात. मला ते जमेल का? थोडेफार जमेल. जिथे जमणार नाही तिथे येतेच आहे.

सुनीताबाई देशपांडे यांनी 'आहे मनोहर तरी' १९९० साली छापले तेव्हा पु. ल. हयात होते, आणि साऱ्या महाराष्ट्राचे लाडके होते. तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत त्यावर दोन तट पडले होते. एक बाई म्हणाल्या, घरचे असे चव्हाट्यावर आणायचे का? मी त्यांच्याच बाजूची होते. आज नाही.

आता आपल्या धारवाडचे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत, आणि फोटो, सभा, मुलाखत यांपासून चार हात लांब राहत. असा माणूस आठवणी लिहील असे कुणाला वाटले नसते. पण 'माणसे: अरभाट आणि चिल्लर' आहे, ते गेल्यानंतर १९८८ साली आलेले. त्यात स्वतःविषयी थेट बोलणे कमी. भेटलेल्या, न भेटलेल्या माणसांच्या गर्दीत लेखक कुठेतरी कडेला उभा, आपणच त्याला शोधायचा. मला ही रीत जवळची वाटते. माझे आयुष्य सांगण्यासारखे नाही, पण ज्यांच्याबरोबर ते काढले त्यांतल्या एकीचे आहे.

ती एक म्हणजे माझ्या वन्सं.

१९७० साली लग्न होऊन मी अळणावरला आले. खानापूरहून लोंढ्याला यायचे, तिथे गाडी बदलायची. मग नागरगाळी, तावरगट्टी, दोन्ही बाजूंना जंगल, मीटरगेजचे छोटे डबे, आणि जंगल संपते न संपते तोच अळणावर. दांडेलीचा फाटा इथून फुटतो. लाकडाच्या वाघिणी उभ्या असायच्या, आणि पावसात ओल्या सागवानाचा वास आमच्या परसापर्यंत यायचा. हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे, सांगायची गरज नाही. पण बंगळूरच्या माझ्या नातवाला ठाऊक नाही, म्हणून पुस्तकात ते घालावे लागेल. त्या फाट्यावरची उतारूंची गाडी मध्ये कित्येक वर्षे बंद होती आणि २०१९ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी उगाचच अंबेवाडीपर्यंत जाऊन आले. शेजारच्या सीटवरच्या मुलीने विचारले, "अज्जी, यार मनिगे होग्तीरी?" कुणाच्याच घरी नाही, म्हटले. तिला मी जराशी भ्रमिष्ट वाटले असणार.

तर वन्सं. माझ्या यजमानांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. मी आले तेव्हा त्या चाळिशीच्या आत होत्या, पण घरात सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच वाटत. पहाटे चुलीपाशी त्याच, रात्री कडी लावणाऱ्या त्याच. मला शाळेत नोकरी लागली ती त्यांच्यामुळे टिकली. माझी दोन्ही मुले त्यांच्या मांडीवर वाढली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होताना माझा सत्कार झाला, त्या दिवशी भाषणात मी आई-वडिलांचे, गुरुजनांचे, यजमानांचे नाव घेतले. वन्संचे घेतले नाही. तेव्हा त्या जाऊन आठ वर्षे झाली होती, आणि सभेत त्यांची आठवण काढायची असते हे मला सुचलेच नाही.

वन्संना लिहिता-वाचता येत होते, हे इथे सांगून ठेवते. श्रावणी सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय त्या स्वतः पोथीतून वाचत, बोट ठेवून, संथ. दुधाचा हिशोब लिहीत. अक्षर थोरले, काने सरळ, वेलांटी जरा फुगीर.

२०१२ साली यजमान गेले. वारसाच्या कामासाठी कपाटातली कागदपत्रे उपसली, त्यांत एक स्टॅम्पाचा कागद निघाला. १९७४ सालचा. मामंजी गेल्यानंतरचा. त्यांच्या मिळकतीतला माझा हक्क मी माझ्या दोन्ही भावांच्या लाभात राजीखुशीने सोडते, असा मजकूर. चार एकर भाताची जमीन आणि घर. १९५६च्या कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला होता, म्हणून हा कागद करून घेणे भाग पडले असावे. असे कागद घरोघर झाले, तुमच्याकडेही एखादा असेल. त्यात मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते खाली. वन्संच्या नावापुढे निळसर शाईत डाव्या हाताचा अंगठा होता. सही नव्हती.

आणि साक्षीदार म्हणून दोन नंबरला सही होती ती माझी.

मी तिथेच जमिनीवर बसले. मुलगा म्हणाला, आई, बरं वाटत नाही का? मी म्हटले, धूळ फार आहे.

त्या दिवसाचे मला काय आठवते ते सांगते. पाऊस होता. वकिलाचा कारकून आला होता, त्याच्या छत्रीचे पाणी पडवीत ओघळले आणि मी ते पुसले. पोहे केले होते. ते मी केले होते, कारण वन्संना बाहेर बोलावले होते. दांडेलीच्या गाडीची शिटी झाली तेव्हा थोरल्या भाऊजींनी घड्याळाकडे पाहिले. "इथे सही कर," असे मला कुणीतरी म्हणाले आणि मी ओल्या हाताने सही केली, न वाचता. शाळेत मुलांना रोज सांगत होते, वाचल्याशिवाय सही करू नका.

अंगठा आठवत नाही. कितीही डोके खाजवले तरी आठवत नाही. त्यांना अंगठा द्यायला सांगितला, का त्यांनीच सही नाकारून अंगठा पुढे केला? त्या बोलल्या का? माझ्याकडे पाहिले का? मी त्याच खोलीत होते.

इथे मला लिहिण्याचा खरा धोका कळला. गेली काही वर्षे मी तो प्रसंग मनात इतक्यांदा रचला आहे की आता मला वन्सं दिसतात: शाईची बशी, पदराला पुसलेले बोट, खाली घातलेली मान. एकदा तर त्यांचे वाक्यही ऐकू आले. वाक्य फार चांगले आहे. पुस्तकात घातले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पण ते मी रचलेले आहे, आणि १९७४ साली त्यांच्या नावाने इतरांनी मजकूर लिहिला तसा मी आणखी एक लिहीन, एवढाच त्याचा अर्थ. गोडसे भटजींनी सत्तावन सालचा प्रवास पंचवीसेक वर्षांनी लिहून काढला, आणि त्यात लोकांची बोलणीसुद्धा आहेत. वाचताना मी खुशाल विश्वास ठेवते. स्वतःवर ठेववत नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती मात्र मला पक्की आठवते. १९८१ची जनगणना. आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवले होते. आमची गल्ली माझ्याकडेच होती. सगळी घरे करून शेवटी आमचे घर घेतले. वन्सं शेंगा फोडत होत्या. नाव, वय, वैधव्य भरून झाले. लिहिता-वाचता येते का, हा रकाना आला तेव्हा मी विचारले नाही, लिहू लागले. तर त्या म्हणाल्या, "नाही म्हणून लिही ग. सरकारदरबारी तसंच आहे." आणि हसल्या. मीही हसले. साक्षर लिहिले आणि पुढच्या रकान्यावर गेले.

तो विनोद मला कळायला एकतीस वर्षे लागली. तेव्हा वन्सं नव्हत्या, यजमान नव्हते, थोरले भाऊजी नव्हते. कुणाला विचारू?

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे लिहून काय मिळवणार? सभेनंतरही एकजण म्हणालेच. ज्यांनी केले ते गेले, जिच्यावर झाले ती गेली. थोरल्या घरातली आजची पिढी याच गावात आहे. त्यांचा यात काही दोष नाही, सभेत ती मुले दुसऱ्या रांगेत बसली होती. बोलण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन कागद दाखवला होता. थोरला म्हणाला, "काकू, तुम्हाला वाटतं ते बोला." धाकट्याची बायको गप्प राहिली आणि चहाचे कप उचलून आत गेली. तिचेही बरोबर असेल. त्या शेताच्या विक्रीतून दोन्ही घरची शिक्षणे झाली. माझा मुलगा इंजिनिअर झाला त्यात त्या चार एकरांचे काही गुंठे आहेत. मी कुणाकडे बोट दाखवणार? सही माझी आहे.

नातवाचे म्हणणे निराळे. तो म्हणतो, आज्जी, लिहीत कशाला बसतेस, फोनवर बोल, मी रेकॉर्ड करतो. कल्पना वाईट नाही. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' बोलून सांगितलेलेच आहे, आणि १९७० साली ते पुस्तक आले तेव्हा त्याच्याइतके मोकळे फार थोडे होते. म्हणून गेल्या दिवाळीत मी बोलले, चाळीस मिनिटे. नंतर त्याने ते मला ऐकवले. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, माझी मराठी. लिहिताना मी पाठ्यपुस्तकातली लिहिते, पण बोलताना निम्मे कानडी येते. गिरमिट, मनि, हौदु, मध्येच एखादे सबंध वाक्य. खरे तर अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द साऱ्या मराठीनेच कानडीतून घेतले म्हणतात. आम्ही घेणे थांबवले नाही, एवढेच. दुसरी गोष्ट, त्या चाळीस मिनिटांत वन्संचे लोणचे आले, त्यांची पोथी आली, जनगणनेचा विनोदही आला. कागद आला नाही. माझ्याही नकळत मी त्याला वळसा घातला होता. तोंडाला जी सवय आहे ती हाताला नसते, म्हणून लिहायचेच ठरवले.

पण कुठल्या भाषेत? मी आठ वर्षांची होते तेव्हा, १ नोव्हेंबर १९५६ला, आपला मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावर इतके बोलून झाले आहे की मी नवे काही सांगणार नाही. माझ्यापुरती अडचण साधी आहे: नातवाला कानडी वाचता येते, इंग्रजी वाचता येते, मराठी कळते पण वाचायला लावले की घाम फुटतो. तुमच्याही घरी हेच असेल. धारवाडात याची उलटसुलट उदाहरणे आहेत. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, ज्ञानपीठ मिळाले १९७३ साली ते कानडी कवितेसाठी. टोपणनाव घेतले अंबिकातनयदत्त, आईचे नाव आधी. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या बुवांकडे शिकले, मराठी नाट्यपदे गायले, आणि आत्मकथा लिहिली कानडीत, 'नन्न रसयात्रे'. गंगूबाई हनगल यांचीही कानडीतच, 'नन्न बदुकिन हाडु', म्हणजे माझ्या जगण्याचे गाणे. त्यांनी भाषा निवडताना फार विचार केला असेल असे वाटत नाही. जी पुढ्यात होती तीत सांगितले.

माझ्या पुढ्यात मराठी आहे, कारण वन्सं माझ्याशी मराठीत बोलत. जनगणनेचे ते वाक्य कानडीत केले तर त्यातला "ग" जाईल. "सरकारदरबारी" तर जाईलच. म्हणून मराठीत लिहिणार, आणि नातवाला शेजारी बसवून वाचून दाखवणार. त्याला कंटाळा येईल तिथे थांबेन.

नाव 'आत्मचरित्र' ठेवणार नाही. अण्णासाहेब कर्व्यांसारख्यांना 'आत्मवृत्त' लिहिणे शोभते. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेला मुलगा, आणि पोचल्यावर वय लहान दिसते म्हणून परत पाठवलेला. तसे पुढे चालत जाणारे आयुष्य असले की साल मांडून सांगता येते. माझे एकाच घरात, एकाच शाळेत गेले. मी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणार: कागदावर काय आहे, मला काय आठवते, काय आठवत नाही. मधली जागा कोरी सोडणार. छापणारा म्हणेल, बाई, इथे काहीतरी घाला, पान रिकामे दिसते. दिसू दे.

आणि पहिली ओळ, जी तीन आठवड्यांनी सुचली, ती अशी: "आमच्या घरात दोन बायकांना लिहिता येत होते." पुढची पाने त्यावरच चालू आहेत. आतापर्यंत अकरा झाली.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे, वाचकहो. वन्संच्या हातचे लिहिलेले माझ्याजवळ काहीच उरलेले नाही. दुधाच्या वह्या रद्दीत गेल्या, पोथी कुणीतरी वाचायला नेली ती परत आली नाही. उन्हाळ्यात सांडगे-पापड घालायला, लोणच्याचा अंदाज सांगायला त्या तुमच्यापैकी बऱ्याच घरी जात असत. मसाल्याचे प्रमाण कुणाला चिठ्ठीवर लिहून दिले असेल, एखादी पोथी तुमच्याकडे राहिली असेल आणि तिच्या शेवटच्या पानावर काही लिहिलेले असेल, तर मला दाखवा. अक्षर थोरले, काने सरळ, वेलांटी फुगीर. नेणार नाही, फक्त बघेन. दुपारी चारनंतर मी घरीच असते.